बारावी संपत आली आणि 'तसलं' काही कधी झालंच नाही: अशा मुलाला घरच्यांनी काय सांगावं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात पालकसभा आहे आणि त्यात वीस मिनिटं माझ्या वाट्याला आली आहेत. सीईटी, नीट, हॉस्टेल यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दुसरा विषय घ्यायचाय.

सतरा-अठराचं मूल, ज्यानं कधी कुणाला डेट केलेलं नाही. आठवीपासून आजवर कुणी त्याला विचारलं नाही, त्यानंही कुणाला विचारलं नाही. वर्गातल्या दोघाचौघांचं 'जमलंय', बाकीचे त्यांच्या गप्पा मारतात. सेंडऑफ जवळ आला की हे मूल फोटोत कडेला उभं राहतं आणि मनात धरून बसतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. घरी यातलं एक अक्षर बोलत नाही.

पालकांनी काय करावं आणि काय टाळावं? 'अभ्यासाकडे लक्ष दे' एवढंच सांगायचं असेल तर धागा काढायची गरज नव्हती. उद्या घरी जाऊन करता येईल असं नेमकं सांगा.

गजालीवाला
पालकांका कसला दुख? झिलान अजून कोणाच्या चेडवाकडे वळान बघूक नाय म्हणान आवस देवाक नारळ ठेयता. तुमी खंयच्या पालकांची गजाल करतास?

रातांबा
गजालीवाल्यांनी थट्टेत खरं दुखणं सांगितलं. आईबापांना हायसं वाटतं, आणि ते तोंडावर दिसतं. मूल महिनाभर धीर गोळा करून म्हणतं, 'वर्गात सगळ्यांचं कोणी ना कोणी आहे, माझंच नाही.' समोरून उत्तर येतं, 'बरंच झालं की!' म्हणजे त्याचं दुःख ही घरच्यांची आनंदाची बातमी झाली. ते मूल पुन्हा हा विषय घरात काढत नाही.

आणखी तीन वाक्यं घात करतात.

'कॉलेजला गेलास की मिळेल कोणीतरी.' हे वचन आहे आणि ते पाळणं तुमच्या हातात नाही. एफवायच्या दिवाळीपर्यंत कोणी मिळालं नाही की मुलाला वाटतं, आता तर मुदतही संपली.

'तू किती छान दिसतेस, मुलं आंधळी आहेत का?' विषय दिसण्याचा नव्हता, तुम्ही तो तिथे नेलात. मूल आरशापुढे जाऊन तपासणार.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही.

त्याऐवजी एवढंच: 'एकटं पडल्यासारखं वाटतं का?' आणि गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. निम्मे पालक पाचव्या आकड्याला सल्ला सुरू करतात.

जुनं_वळण
हा सगळा अमेरिकेचा वारा आहे. तिथे शाळेतच जोड्या लागतात, म्हणून ज्याची लागली नाही तो रडतो. आपल्याकडे सतराव्या वर्षी 'कधीच डेट केलं नाही' ही तक्रार होऊ शकते, हेच मला पटत नाही. आपण नाव दिलं नाही तर दुखणंही येणार नाही.

आकडेमोड
जुनं_वळण, वारा अमेरिकेचा म्हणताय तर तिथलेच आकडे घ्या. प्यू रिसर्च सेंटर या तिथल्या संशोधन संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी फक्त ३५ टक्क्यांनी डेटिंग वा तत्सम काही अनुभव असल्याचं सांगितलं. म्हणजे तिथेही जवळजवळ दोनतृतीयांश मुलं 'काहीच नाही' याच गटात. तिथल्या मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगे यांनी मांडलेली तुलना तर अशी की आधीच्या पिढ्यांत बारावीची सुमारे ८५ टक्के मुलं डेटवर जायची, २०१५ मध्ये ५६ टक्के.

जॉर्जिया विद्यापीठाचा २०१९ चा एक अभ्यास आहे. डग्लस आणि ऑर्पिनस यांचा, दहावीच्या ५९४ मुलांवर. डेट न करणारी मुलं सामाजिक कौशल्यात आणि नेतृत्वात शिक्षकांना उजवी वाटली, आणि उदासीही त्यांच्यात कमी आढळली. यावरून 'डेट न केल्यानं मूल सुखी होतं' असा अर्थ मात्र काढू नका. एवढंच कळतं की डेट न करणं हे बिघाडाचं लक्षण नाही.

पालकसभेत एकच आकडा सांगायचा झाला तर ३५ सांगा. मुलाला वाटत असतं की वर्गात आपण एकटेच. चाळीसांच्या वर्गात पाच जोड्या असल्या तरी तीस जण मोकळेच राहतात. पण नजर त्या दहांवरच जाते.

गजालीवाला
आनि त्या पाच जोड्यांतल्यो तीन नुसत्यो इन्स्टावरच असतत.

रातांबा
:) खरंय.

जुनं_वळण, नाव आपण दिलेलंच नाही. मुलं स्वतःच एकमेकांना 'सिंगल' म्हणतात, पिंपळपानाच्या चित्रासकट. आपण गप्प राहिलो तर दुखणं जात नाही, फक्त मूल ते एकट्यानं सोसतं.

आता कुठे बोलायचं ते. समोरासमोर खुर्च्या टाकून बसू नका, ती चौकशी वाटते. हात कामात आणि नजर खाली असेल असं काम शोधा. सुकट निवडायला परात मधे घेतली की दोघांची नजर परातीत राहते, डोकी मोडताना बोलणं आपोआप सुरू होतं, आणि अवघड झालं तर 'ही परात झाली' म्हणून उठताही येतं. फणस त्याहून चांगला. हातांना तेल आणि चीक, त्यामुळे अर्धा तास फोन कुणालाच उचलता येत नाही. स्कूटरवर मात्र नको. हेल्मेटमध्ये निम्मं ऐकू येत नाही, मूल 'काय? काय?' करतं आणि तुम्ही नाजूक वाक्य तीनदा ओरडून सांगता, तेही एसटी स्टँडसमोर.

पागोळी
सुकटीची आयडिया पटली. पण मुलींचं वेगळं सांगायला हवं. मुलग्याला मित्र 'तुझ्यात दम नाही' म्हणतात, मुलीला मावश्या-काकू 'जरा रंगाकडे लक्ष दे' म्हणतात. दोघंही एकाच निष्कर्षाला येतात, पण मुलगी त्यानंतर मेडिकलमधून ट्यूब आणते.

पालकांनी त्या ट्यूबवरचं नाव वाचावं. गोरं करण्याच्या नावाखाली चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, आणि मलम थांबवलं की दुप्पट उसळतं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि सोडायचं कसं ते त्यांनाच विचारा.

साध्या मुरमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल पुरतं. रात्री, धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. उशीचा अभ्रा पांढरा घ्या, रंगीत कापडाचा रंग उडतो. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. सेंडऑफच्या आठ दिवस आधी सुरू करून काही होत नाही, उलट सालपटं निघतात.

कोपऱ्यातला_माड
याच रांगेत आणखी एक, ज्याबद्दल आया बोलायला लाजतात: वास. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो, काखेतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात. वयात आल्यावर तिथल्या ग्रंथी सुरू होतात, म्हणून सहावीत न येणारा वास नववीत येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गणवेश वाळतच नाही. अर्धवट ओला शर्ट इस्त्री करून घातला की अंगाच्या उबेनं तासाभरात कुबट होतो आणि मुलाला ते कळतच नाही, कारण नाक सरावतं. बनियनचे पाच-सहा जोड ठेवा, रात्रभर पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर अंतर. बूट आलटूनपालटून दोन, आत वर्तमानपत्राचे बोळे.

सांगताना 'तुझ्या अंगाला वास येतो' म्हणू नका. नवे बनियन आणि डिओडरंट कपाटात ठेवून द्या.

गजालीवाला
धागो लाँड्रीत गेलो. कोणीतरी भायर काढा.

खाडीकाठ
काढते :) पण हेही लिहून घेतलं. पुढचा प्रश्न. मुलाला खरंच कोणीतरी आवडतं आणि त्याला विचारायचंय. पालकांना ते कळलं. मग?

सागवान
आधी कायदा, कारण घरात कुणी सांगत नाही आणि मग पोलीस ठाण्यात कळतो.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा. त्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती धरलीच जात नाही. दोघं सतरा वर्षांची, दोघांची मर्जी, तरी लैंगिक संबंध किंवा लैंगिक हेतूनं केलेला स्पर्श हा गुन्हाच. असं घडल्याचं कळलं तर कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं कुणावरही बंधनकारक आहे, डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. बोलणं, एकत्र अभ्यास करणं, वडापाव खाणं गुन्हा नाही. ही रेघ मुलाला स्वच्छ शब्दांत दाखवा. 'वेडंवाकडं काही करू नकोस' यातून त्याला काहीच कळत नाही.

दुसरं, नकारानंतरचं वागणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८: मुलीनं नाराजी स्पष्ट दाखवूनही पुरुषानं पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, मागे जाणं, तिच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं म्हणजे पाठलागाचा गुन्हा. १८ खालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं. सिनेमात नायक तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा ती हसते. तालुक्याच्या गावात तिसऱ्यांदा विचारलं की तिचा भाऊ येतो.

आता विचारायचं कसं. स्वतः, एकट्यानं, मित्रांच्या घोळक्याशिवाय. तिची वाट न अडवता, म्हणजे जिना, बसचा दरवाजा, रिकामा वर्ग नको. छोटं, ठरावीक आणि नाही म्हणायला जागा असलेलं वाक्य: 'शनिवारी ग्रंथालयात बसणार आहे, येतेस? नाही जमलं तरी हरकत नाही.' 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' ही सुरुवात नव्हे, तिला त्यावर तिथल्या तिथे निकाल द्यावा लागतो. 'बघते', 'घरी विचारते', 'अभ्यास आहे' आणि उत्तरच न येणं, या चारही गोष्टींचा अर्थ नाही असा धरायचा. नाही आलं की 'बरं' म्हणायचं, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोलायचं, मित्रांना सांगायचं नाही. हे शेवटचं सर्वात अवघड.

मुलींनाही हेच शिकवा. त्यांनी विचारू नये असं कुठल्या कलमात नाही.

जुनं_वळण
म्हणजे पालकांनी आता हेही शिकवायचं! उद्या चिठ्ठीही लिहून द्या.

सागवान
चिठ्ठी नाही, नकार पचवणं शिकवायचंय. ते घरी नाही शिकवलं तर रील्समधून शिकतात, आणि तिथे नकार म्हणजे अपमान असतो.

जुनं_वळण
या मुद्द्यावर वाद नाही.

आगोट
मला वाटतं आपण विचारण्यावर फार लवकर आलो. बऱ्याच मुलांना डेट नको असते, समोरच्या मुलीशी चार वाक्यं नीट बोलता यावीत एवढंच हवं असतं. पहिलीपासून मुलं एका बाजूच्या बाकांवर, मुली दुसऱ्या. एसटीतही तेच. अकरा वर्षांत एकत्र काम करायची वेळ आली ती प्रयोगशाळेत, तीही हजेरीच्या क्रमानं.

इथे पालकांना करण्यासारखं बरंच आहे. नजर भिडवून बसावं लागणार नाही, काम हातात असेल आणि मुलंमुली मिसळलेली असतील असे प्रसंग द्या. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) चांगलं: वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बंधारा घालताना दगड एकमेकांच्या हातात द्यावेच लागतात, बोलायला विषय शोधावा लागत नाही. गणपतीतलं आरती-भजन, गावची नाटकाची तालीम, ग्रंथालयाची पुस्तकमोजणी, वेळासला कासवांच्या मोसमात मदतीला जाणं. मोसमाचं मात्र बघा. पिल्लं बाहेर पडण्याचे दिवस आणि बोर्डाची परीक्षा दोन्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा ते अकरावीलाच.

फसतं कुठे? शेवटच्या गाडीपाशी. तालीम सहाला सुटते आणि वाडीची एसटी साडेपाचला जाते. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पासाचं काय करणार? म्हणून दोन-तीन घरांनी मिळून आणायची पाळी लावा. मूल 'मला नाही आवडत' म्हणतं तेव्हा बऱ्याचदा त्याला घरी पोचायची चिंता असते.

फार लाजरं मूल असेल तर पायऱ्या करा. पहिला आठवडा फक्त कामाचं विचारायचं, 'जर्नल कधी द्यायचंय?' दुसऱ्या आठवड्यात त्याला स्वतःचं एक वाक्य जोडायचं. मग तिघाचौघांत दहा मिनिटं बसायचं. एकदम वाढदिवसाच्या पार्टीला ढकललंत तर ते मोबाईल घेऊन जिन्यात बसेल.

चिवचिव
मोबाईलवरून आठवलं. ज्या मुलाला वाटतं 'मला कधीच कोणी विचारलं नाही', त्याला अनोळखी मुलीचा 'हाय' आला की तो विरघळतो. ठग हेच हेरतात. दोन दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल, मग रेकॉर्डिंग दाखवून पैशांची मागणी.

झालंच तर क्रम असा. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. खात्याचं नाव, लिंक, क्रमांक, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढायचे आणि मगच ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. मूल १८ खालचं असेल तर असे फोटो-व्हिडिओ हटवायला 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि सहभागी साइट्स त्यावरून तो फोटो अडवतात.

आणि हे आधीच सांगून ठेवा: 'असं काही झालं तर आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही.' फोन जाईल या भीतीनं मुलं गप्प राहतात. डेटिंग अॅपची अट १८ ची आहे, 'वय वाढवून टाकलं' हे कुठलंही मूल सहज करतं, तेही विचारा.

जोड्यांच्या स्टोऱ्या बघून जीव जळत असेल तर इन्स्टावर म्यूट करायला सांगा. समोरच्याला कळत नाही, मैत्री तुटत नाही.

पागोळी
अजून एक गोष्ट कुणी घेतली नाही. मुलाला यात रसच नसेल तर? किंवा आवड वेगळ्या बाजूची असेल तर?

रातांबा
बरं झालं काढलंत. काहींना हे आकर्षण उशिरा येतं, काहींना येतच नाही, काहींना समलिंगी व्यक्तीबद्दल येतं. तिन्हींपैकी काहीच आजार नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, तरी गावात ते तोंडावर आणणं सोपं नाही. म्हणून थेट विचारू नका.

मराठीनं इथे सोय करून ठेवली आहे. 'एखादी आवडते का?' न म्हणता 'कोणी आवडतं का?' म्हणा. 'कोणी' तिन्ही लिंगांत तसंच राहतं, त्यात मुलगा-मुलगी दोन्ही मावतात आणि 'कोणीच नाही'सुद्धा मावतं. ज्या मुलाला ऐकायचंय ते तेवढ्यानं ऐकतं.

कोपऱ्यातला_माड
व्याकरणाच्या तासाला हे शिकवलं असतं तर लिंगविचार पाठ झाला असता.

आकडेमोड
नुसतं खट्टू होणं आणि आजार, यातला फरक पालकसभेत सांगाच. सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस उदास, झोप किंवा भूक बिघडलेली, आवडीची क्रिकेट-कॅरम सुटलेली, मित्र तोडलेले, 'माझं असून नसून सारखंच' अशी भाषा. यातलं शेवटचं एकटं असलं तरी वाट बघू नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत. त्रास किंवा शोषण असेल तर चाइल्डलाइन १०९८. १० ते १९ वयासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचं 'मैत्री' क्लिनिक असतं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. त्याचे वार आधी चौकशी करून जा, नाहीतर फेरी फुकट जाते आणि मूल दुसऱ्यांदा येत नाही.

आगोट
शिक्षकांसाठीही एक. संमेलनाच्या आठवड्यात रोझ डेला वर्गात नावं पुकारून गुलाब वाटतात, ते बंद करा. चाळीस जणांसमोर कुणाला सात आणि कुणाला शून्य हे मोजून दाखवण्याचा तो कार्यक्रम होतो. टेबल मांडा, ज्याचं त्यानं येऊन न्यावं, आणि मित्राला किंवा शिपाईकाकांना देता येईल असं पिवळं फूलही ठेवा.

गजालीवाला
आनि गणपतीक मुंबयवाले येतत, त्येंचा काय करूचा? पानार बसल्यार इचारतत, 'काय रे, गर्लफ्रेंड हा काय नाय?' सगळ्या पंगतीत झिलाचा तोंड लाल.

रातांबा
त्यासाठी तयार उत्तर आधीच द्या, छोटं आणि खुलासा नसलेलं: 'नाही. मोदक वाढा.' खुलासा केला की पुढचा प्रश्न येतो. आणि त्या क्षणी आईनं किंवा बाबांनी हसायचं नाही, विषय बदलायचा. मूल त्या काकांकडे नाही, तुमच्याकडे बघत असतं.

जुनं_वळण
वीस मिनिटांत एवढं सगळं मावणार नाही. खाडीकाठ, निवडा.

खाडीकाठ
मावणार नाही हे खरं. ठरवलंय ते असं: ३५ टक्क्यांचा आकडा, 'बरंच झालं' न म्हणणं, पोक्सोची रेघ, दोन आठवड्यांची खूण. क्रमांक तिन्ही छापून. बाकीचं प्रश्न आले तर. सुकटीची परात मी सोडणार नाही.

सागवान
१९३०, १४४१६ आणि १०९८ खिशात मावेल अशा चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात. ए-फोर दिलात तर भेळेला जाईल. आणि सभेच्या सूचनेत हा विषय लिहू नका. सूचना मुलांच्याच हातून घरी जाते, ती पोचणारच नाही. 'बारावीनंतरचं नियोजन' लिहा.

गजालीवाला
'चहा-वडे मिळतीत' ता पन लिवा. बापूस येतले.